गुलबर्ग्याला माल पाठवायचाय, पण सरकारच्या पैशानं?

पत्र : सोलापुरात आमचा शाळेची दप्तरं आणि प्रवासी बॅगा शिवायचा छोटा कारखाना आहे. नऊ मशीन, अकरा माणसं. गेल्या वर्षी ६२ लाखांची विक्री झाली. जीएसटी कंपोझिशनमध्ये आहे. उद्यम आणि जीएसटी, दोन्ही यजमानांच्या नावावर. त्यांची खासगी नोकरी आहे, त्यामुळे कटिंगपासून वसुलीपर्यंत सगळं मीच बघते. गुलबर्ग्याच्या एका व्यापाऱ्याला नमुना म्हणून ४० दप्तरं एसटी पार्सलनं पाठवली होती, ती दहा दिवसांत खपली. आता त्याला ३०० हवीत, तीही दोन महिन्यांच्या उधारीवर. बीदर आणि हैदराबादचे व्यापारीही जोडून देतो म्हणतो. इकडे एक एजंट सांगतो की, दुसऱ्या राज्यात धंदा वाढवायला केंद्र सरकार १० लाख देतं, फाइलचे ३५ हजार आधी द्या. यजमानांचं म्हणणं, कर्ज काढायचं नाही, अनुदान मिळालं तरच पुढं जायचं. काय करू?

उत्तर : ताई, ३५ हजार देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका.

एजंटचे हे १० लाख आले कुठून, याचा मी थोडा विचार केला. तसा आकडा खरंच आहे, पण वेगळ्या योजनेत. २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं. पण ती अन्न प्रक्रियेच्या उद्योगांसाठी आहे, पैसा मशिनरीसारख्या भांडवली खर्चावर मिळतो आणि त्याला बँकेचं कर्ज जोडलेलं असावं लागतं. दप्तरांचा तिच्याशी काही संबंध नाही. की तो मुद्राबद्दल बोलतोय? मुद्राच्या ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत रक्कम मिळते, पण ते सरळ कर्ज आहे, हप्त्यानं फेडायचं. पंतप्रधान रोजगार निर्मितीचं अनुदान प्रामुख्यानं नव्या उद्योगाला मिळतं. तुमचा चालू आहे. ‘परराज्यात जा आणि हे घ्या १० लाख’ असा चेक तुमच्यासारख्या कारखान्याला देणारी केंद्राची योजना मला माहीत नाही, आणि असली तरी ती ३५ हजारांच्या आगाऊ दक्षिणेवर चालणार नाही. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीसुद्धा फुकट असते. तरी तिचे पैसे घेणारी, सरकारी वाटतील अशी संकेतस्थळं निघतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं बघत चला.

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. तुम्ही ती पत्रात ओघात लिहून पुढं गेलात: कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का भरून सुटायची छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत.

कंपोझिशनमधल्या माणसाला राज्याबाहेर माल विकता येत नाही. बाहेरून आणता येतो, बाहेर विकता येत नाही. म्हणजे ती ४० दप्तरं एसटीत चढली तेव्हाच नियम मोडला होता. घाबरू नका, पण लपवूही नका. सीएला आजच सांगा. तुम्ही त्यांना सांगितलं नसावं, नाहीतर त्यांनी पार्सल जाऊ दिलं नसतं. कंपोझिशनमधून बाहेर पडायचा अर्ज म्हणजे सीएमपी-०४. अट मोडल्यापासून तो सात दिवसांत भरायचा असतो, त्यामुळे उशीर आधीच झाला असेल तर त्याचं काय करायचं हे तेच सांगतील. मात्र हे निस्तरल्याशिवाय ३०० तर सोडाच, तीन दप्तरंही सीमेपलीकडे जाऊ देऊ नका.

नियमित जीएसटीत आल्यावर काय बदलतं? आज तुम्ही विक्रीवर एक टक्का भरता आणि सुटता. पण कापड, फोम, चेन, बकल, पट्टा यांच्या बिलांवर भरलेला कर तुमच्या खर्चात बुडतो. नियमित झालात की तो वजा मिळतो. बाहेर पडता त्या दिवशी गोदामात असलेलं कापड, अर्धवट शिवलेली आणि तयार दप्तरं यांच्यावरचा करही मागता येतो. त्यासाठी आयटीसी-०१ हा फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो आणि बिलं वर्षभराच्या आतली लागतात. हे बहुतेक जण विसरतात. त्या दिवशी सकाळी वही घेऊन बसा आणि कापडाचा प्रत्येक रोल, चेनचा प्रत्येक डबा मोजून काढा. मशीनवर भरलेल्या कराचाही काही भाग मिळतो.

तोटाही आहे. दप्तरावर पूर्ण दरानं कर लावावा लागेल. गुलबर्ग्याचा व्यापारी नोंदणीकृत असेल तर त्याला फरक पडत नाही, तो हा कर वजा करून घेईल. पण तुमच्या गिऱ्हाइकांपैकी सोलापुरातले छोटे दुकानदार स्वतः कंपोझिशनमध्ये असतील, किंवा नोंदणीच नसेल, तर त्यांच्यासाठी तुमचं दप्तर महागणार. अशी गिऱ्हाइकं किती, हे आधी मोजा. ६२ लाखांतले ४५ लाख त्यांच्याकडून येत असतील, तर गुलबर्ग्याच्या ३०० दप्तरांच्या साधारण सव्वा लाखासाठी दर बदलणं कितपत परवडतं, याचा हिशेब तुम्हालाच करावा लागेल. कर्नाटकात वेगळी नोंदणी मात्र लागत नाही. माल सोलापुरातून निघतो तोवर इथल्याच नंबरवर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लावून बिल करायचं. तिकडे गोदाम घेतलंत तरच तिकडचा नंबर. ऑनलाइन विकायचं झालं तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण काही कंपन्या ‘आमच्या हैदराबादच्या गोदामात माल ठेवा’ म्हणतात. आणि ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं. म्हणजे ३०० दप्तरं बिलाशिवाय एसटीत घालायचा प्रश्नच उरत नाही.

कुणी असाही तोडगा सुचवेल की, यजमानांची पेढी कंपोझिशनमध्येच ठेवा आणि तुमच्या नावावर दुसरी नियमित पेढी काढून बाहेरचा माल तिथून विका. पॅन वेगळे, त्यामुळे कागदावर ते जमतं. माझं मत, नको. मशीन तीच, कारागीर तेच, कापडाचा रोलही एकच. कुठलं दप्तर कुणाचं, हे अधिकारी विचारायला आला तर तुम्हालाच सांगता येणार नाही. शिवाय बँकेला एका धड पेढीऐवजी दोन अर्ध्या पेढ्या दिसतील.

आता सरकारी पैशाबद्दल. तो आहे, पण एजंट सांगतो तसा येत नाही. केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘खरेदी आणि विपणन साहाय्य’ नावाची योजना आहे. तिच्यात देशातल्या प्रदर्शनांत स्टॉल लावल्यास जागेच्या भाड्याचा बराचसा भाग, शिवाय प्रवास आणि मालवाहतुकीचा काही खर्च ठरावीक मर्यादेत परत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उद्योजकांना जास्त वाटा असतो. बारकोडच्या शुल्कासाठीही मदत आहे. मोठ्या दुकानांत जायचं तर बारकोड लागतो, आणि भारतात नोंदलेले ते ८९० पासून सुरू होणारे नंबर जीएस-वन इंडिया देते.

पण यात ‘परत मिळतो’ हे शब्द वाचायला सोपे आहेत. पैसे आधी तुम्ही खर्च करायचे, मग कागद जोडायचे, मग वाट बघायची. माझा स्वतःचा रेनकोट शिवायचा कारखाना होता. एकदा नोव्हेंबरात दिल्लीच्या एका मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. (रेनकोट घेऊन दिल्लीत नोव्हेंबरात! बायको आजही आठवण करून देते.) स्टॉलचं भाडं भरलं, माल ट्रकनं पाठवला, आलो, फाइल लावली. भाड्याचे पैसे सात महिन्यांनी आले. वाहतुकीचे आलेच नाहीत, कारण बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, मेव्हण्याच्या नावावर फाडली होती. माल चढवायला तो गेला होता आणि ट्रान्सपोर्टवाल्यानं समोर उभा होता त्याचं नाव लिहिलं. पेढीचं नाव नाही, म्हणून दावा नामंजूर. मी कार्यालयात जाऊन बराच वाद घातला. तिथल्या बाईंनी शांतपणे बिल्टी पुढं सरकवली आणि विचारलं, हे तुमचं नाव आहे का? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण ते प्रदर्शन फुकट गेलं नाही. आसामचा एक व्यापारी स्टॉलवर आला. त्यांच्याकडे पाऊस आपल्या कितीतरी आधी सुरू होतो, त्यामुळे आमच्याकडे माल पडून असतो त्या महिन्यांत त्याला माल हवा होता. पुढं पाच-सहा वर्षं त्याच्यामुळे माझ्या मशीन फेब्रुवारीतही चालल्या. तुमचंही असंच होऊ शकतं. दप्तरांचा आपला हंगाम मे-जूनचा, पण उत्तरेत बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. तिकडचा व्यापारी मिळाला तर जानेवारी-फेब्रुवारीत तुमचे कारागीर रिकामे बसणार नाहीत. प्रदर्शनाला जायचंच असेल तर याच कारणासाठी जा, अनुदान मिळतं म्हणून नाही. अर्ज कार्यक्रमाच्या आधीच करायचा असतो, आणि कोणती प्रदर्शनं मान्य आहेत ते पहिल्यांदा विचारून घ्यायचं. मुंबईत साकीनाक्याला मंत्रालयाचं विकास कार्यालय आहे, आणि सोलापुरात जिल्हा उद्योग केंद्र. प्रत्येक पावती, प्रत्येक बिल्टी, तिकीटसुद्धा पेढीच्या नावाचं किंवा पेढीच्या खात्यातून भरलेलं असू द्या. रोखीचं काही नको.

दुसरी योजना ‘टीम’ नावाची, जून २०२४ मध्ये सुरू झालेली. तिच्यात छोट्या उद्योगांना ओएनडीसी या डिजिटल बाजाराच्या जाळ्यावर आणायचं काम आहे: मालाचे फोटो आणि माहिती चढवणं, पॅकिंग, वाहतूक यांत मदत. राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ ती राबवतं. तरतूद २७७.३५ कोटींची, लक्ष्य ५ लाख उद्योगांचं, त्यातले निम्मे महिलांचे. वाटून बघा: एकेका उद्योगाच्या वाट्याला सरासरी साडेपाच हजार रुपये. बातमीत कोटी दिसतात, हातात एवढंच येतं. तरी घ्या. दप्तराचे चांगले फोटो काढून द्यायला कुणी तयार असेल तर नाही कशाला म्हणायचं? फक्त यावर धंद्याचा बेत आखू नका.

महिलांच्या वाट्याबद्दल एक सांगतो, कारण ते तुमच्या जिव्हारी लागेल. कारखाना तुम्ही चालवता, पण सरकारच्या लेखी तो पुरुषाचा आहे. ‘महिला उद्योजक’ म्हणून मिळणारं काहीही आज तुम्हाला लागू नाही. यजमान मालक असताना नुसतं नाव बदलता येत नाही. पॅन बदलतो, म्हणजे जीएसटी, उद्यम, बँक खातं, सगळं नव्यानं, आणि ६२ लाखांच्या विक्रीचा इतिहास जुन्या पॅनवर राहतो. भागीदारी करून निम्म्याहून जास्त वाटा तुमचा ठेवणं हाही मार्ग आहे, पण त्यातही पॅन नवा लागतो. आत्ता बँकेत जायचं असेल तर या वर्षी हे करू नका. बँकेची लिमिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल करायची मर्यादा, मिळाली, एक-दोन वर्षं सुरळीत गेली, की भागीदारीचा विचार जरूर करा, आणि तो अनुदानासाठी नको. अकरा माणसांचा पगार जी बाई दर शनिवारी वाटते, तिचं नाव कागदावर असायला हवं, म्हणून.

बँकेचं नाव काढलं, कारण तुम्हाला अनुदानापेक्षा खेळतं भांडवल कमी पडणार आहे. गुलबर्ग्याचाच हिशेब करू. ३०० दप्तरं समजा ४२० रुपयांनी, म्हणजे १ लाख २६ हजार. तुमचा खर्च दप्तरामागे ३३० धरला तर ९९ हजार. कापडवाला पंधरा दिवसांत मागणार, कारागिरांना शनिवारी द्यायचे. शिवायला दोन आठवडे, वर दोन महिन्यांची उधारी. म्हणजे जवळजवळ एक लाख रुपये अडीच महिने अडकले. बीदर आणि हैदराबादही तेवढंच घेऊ लागले तर तीन लाख, तेही ऐन मे महिन्यात, जेव्हा सोलापूरचे व्यापारीही उधारीच मागतात. यातलं काहीही कोणतंही प्रदर्शनाचं अनुदान भरून काढत नाही.

यजमानांना सांगा की, कॅश क्रेडिट म्हणजे घराच्या हप्त्यासारखं कर्ज नाही. जेवढे वापरले तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज. ५ कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका नायक समितीच्या पद्धतीनं अंदाजित वार्षिक विक्रीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल देऊ शकतात, ५ टक्के तुम्ही घालायचे. विक्री ७५ लाखांवर जाईल असं दाखवता आलं तर लिमिट १५ लाखांच्या आसपास बसते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यावरच्या रकमेसाठी सरकारची पत हमी योजना आहे. हमीचं शुल्क पडतं, पण घर गहाण पडत नाही. माझ्या मते सरकारची खरी मदत इथं आहे. अनुदान म्हणून तिची बातमी होत नाही, म्हणून एजंटही तिच्याबद्दल बोलत नाहीत.

उधारीवरही एक कायदा तुमच्या बाजूला आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार पुरवठादाराच्या भागातल्या, अशा थकबाकीसाठीच नेमलेल्या सरकारी परिषदेकडे होते, म्हणजे गुलबर्ग्याला खेटे घालावे लागत नाहीत. हे संरक्षण उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे तुम्ही त्यात बसता. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. खरं सांगायचं तर पहिल्याच वर्षी कुणी गिऱ्हाइकावर तक्रार करत नाही. पण ‘आमच्या बिलावर ४५ दिवसच असतात, सीए त्यापुढं लिहू देत नाहीत’ असं तुम्ही म्हणू शकता. त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि वाईटपणा सीएकडे जातो.

सरकारी खरेदीचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी असं धोरण आहे. निविदेची बयाणा रक्कमही तुम्हाला माफ असते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर कार्यालयीन बॅगा विकल्या जातात, तेव्हा नोंदणी करून ठेवा. पण पहिली परराज्यातली बाजारपेठ तिथं शोधू नका. दर इतके खाली जातात की नवख्याला त्यात राम उरत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर कंपोझिशनचं मार्गी लावून एक दिवस गुलबर्ग्याला गेलो असतो. सकाळी निघून रात्री घरी येता येतं. त्या व्यापाऱ्याच्या दुकानात तासभर बसून शेजारी कुणाचं दप्तर लटकतंय, त्याची चेन कुठली आहे, किती रुपयांची चिठ्ठी लागलीय, ते बघितलं असतं. तिथल्या शाळेची पुस्तकं तुमच्या दप्तरात मावतात का, तेही. मग त्याला सांगितलं असतं: ३०० नाही, आत्ता १००. निम्मे पैसे माल निघताना, निम्मे ४५ दिवसांत. ज्याची ४० दप्तरं दहा दिवसांत खपली, तो एवढ्याला नाही म्हणणार नाही. म्हणालाच, तर ती ४० दप्तरं खरंच खपली का, याची चौकशी मी शेजारच्या दुकानात केली असती.

राहता राहिला एजंट. त्याला सांगा, योजनेचं नाव, तिच्या मार्गदर्शक सूचनांचं पान, आणि १० लाख मिळाले नाहीत तर ३५ हजार परत, एवढं लेटरहेडवर लिहून दे. दिलंच, तर त्याचा फोटो मला पाठवा. ती योजना मलाही वाचायची आहे.